हुडकणं

निपाणीत मिरगाच्या पहिल्या पावसाला दोन वास असतात. आधी वखारींच्या भिजल्या पत्र्यांखालून तंबाखूचा वास गल्लीत उतरतो, घशाशी येतो, दोन शिंका काढतो. आणि त्याच्या मागून, जरा दबकत, मातीचा. गेल्या मिरगाला मी माहेरी होते. दुपारची सर नुकतीच ओसरली होती. सोप्यात आई मांडीवर सूप घेऊन बसली होती. भावाची मुलगी, दुसरीतून तिसरीत गेलेली, अकोळच्या रस्त्याकडच्या रानातून पळत आली. फ्रॉक चिखलानं भरलेला आणि उजवी मूठ घट्ट मिटलेली.

“आत्ती, हे काय हाय?”

मूठ उघडली. तळव्याच्या मधोमध हरभऱ्याच्या दाण्याएवढं काहीतरी तांबडं होतं, कुंकवाच्या करंड्यातनं सांडल्यासारखं. अंगावर दाट मखमल. पाय पोटाशी घेऊन ते मेल्यासारखं पडून होतं. तिनं हळूच फुंकर घातली, तसे पाय एकेक करून बाहेर आले.

मला त्याचं नाव माहीत होतं. तरी मी सांगितलं नाही. बेळगावला मी मुलांच्या पुस्तकांचं काम करते. मुलं पुस्तकात, वहीत, फोनवर एखादी गोष्ट कशी शोधतात हे बघत बसणं हा आता त्या कामाचाच भाग झालाय. मी फोन तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “हुडक बघू.”

तिनं ते किडं वाटीत ठेवलं आणि मांडी घालून बसली. लिहायचं होतं ‘किडं’. वहीत ती आधी वेलांटी काढते, मग क. डावीकडून जसं दिसतं तसं. फोनवरही तिनं आधी वेलांटी दाबली. पडद्यावर ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ उमटलं आणि त्याला वेलांटी चिकटली. संगणकाच्या लेखी अक्षर आधी, वेलांटी नंतर. आधी आलेल्या वेलांटीला टेकायला काही नसतं, म्हणून तो तिला ठिपक्यांचा आधार देतो. मोठी माणसं ते वर्तुळ पाहून चूक झाली म्हणून खोडून टाकतात. ती त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली.

“ह्यात काय घालायचं?” तिनं विचारलं.

मग पुन्हा मान खाली, नजर बटणांवर. वर पडद्यावर फोन तीन-तीन शब्द सुचवत होता, बदलत होता, पण तिनं एकदाही वर पाहिलं नाही. बोटाखालचं अक्षर सापडेपर्यंत दुसरीकडं बघायला तिला सवडच नव्हती. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या ॲलिसन ड्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात ते अकरा वर्षांची मुलं इंटरनेटवर कशी शोधतात हे जवळ बसून पाहिलं आणि २००९ साली ते मांडलं. त्यांनाही हेच दिसलं होतं: मुलांची नजर कळफलकावर असते, त्यामुळं मदत म्हणून वर येणारे शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. त्यांनी मुलांना एक प्रश्न दिला होता. पुढच्या वर्षी आपल्या उपराष्ट्राध्यक्षांचा वाढदिवस कुठल्या वारी येईल? मोठा माणूस याचे तुकडे करतो. आधी माणूस कोण, मग तारीख, मग कॅलेंडर. मूल तो प्रश्न सगळाच्या सगळा, जसा मनात आला तसा, चौकटीत उतरवतं. मला यात मुलाचं कमी पडणं दिसत नाही. प्रश्न एकसंध असतो, तो एकसंधच विचारावा असं त्याला वाटतं.

लिहिणं जमेना तेव्हा ती बोलून बघायला लागली. २०१७ सालापासून मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत फोनशी बोलून शोधता येतं. तिनं फोन तोंडाजवळ धरला आणि स्पष्ट, शाळेत कविता म्हणतात तशा आवाजात म्हणाली, “तांबडं मऊ किडं.” फोननं लिहिलं: तांबडा मूग किती. खाली कुठल्यातरी बाजारसमितीचे डाळींचे दर आले. तिनं पडद्याकडं पाहिलं, वाटीकडं पाहिलं.

“मूग न्हवं हे,” ती फोनला म्हणाली. “हे चालतंय.”

माझ्या घशात काहीतरी अडकलं. तंबाखू नव्हती ती.

*

पुण्या-मुंबईचं मूल शोधतं. साताऱ्याकडून कोल्हापुराकडं उतरत आलं की शोधण्याचं हुडकणं होतं आणि सापडण्याचं घावणं. आमच्याकडं तर पलीकडच्या कन्नड घरातली आईसुद्धा हरवलेल्या चपलेसाठी पोराला ‘हुडुकु’ म्हणूनच सांगते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची नवी रचना झाली, बेळगाव, निपाणी, खानापूर त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली, नंतर सत्तर वर्षं मोर्चे, ठराव, खटले झाले. हा शब्द दोन्ही बाजूंना तसाच राहिला. भांडणारी दोन्हीकडची माणसं संध्याकाळी घरी जाऊन एकाच शब्दानं चष्मा हुडकतात.

शोधणं मला पाठ्यपुस्तकातलं वाटतं. शास्त्रज्ञ शोधतात, कोलंबस शोधतो. हुडकण्यात हात असतात. कणगीत हात घालून, अंथरुणं झटकून, परसात वाकून, काडीनं पाला बाजूला सारून करायची ती गोष्ट आहे. आई गेली तीस वर्षं बिड्या वळते. रात्री भिजवलेली टेंभुर्णीची पानं सकाळी ओल्या फडक्यातनं काढायची, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, चिमूट तंबाखू भरून वळायची, तोंड मोडायचं, दोरा बांधायचा. तिची बोटं सुपातल्या ढिगात न बघता फिरतात. जाड शिरेचं पान कुठलं, चिरलेलं कुठलं हे बोटांना आधी कळतं. तोवर ती कुणाशी तरी बोलत असते. लहानपणी मी तिच्याशेजारी बसून दोरा तोडून द्यायचे. हुडकणं हा शब्द ऐकला की मला अजूनही ते सूप दिसतं आणि त्यातली सळसळ ऐकू येते.

लहान मूल असंच हुडकतं. आधी हात, मग डोळे, मग नाक, आणि सगळ्यात शेवटी शब्द. पण आपण मोठ्यांनी शोधायची म्हणून जी जी साधनं केली त्या सगळ्यांच्या दारात पहिली मागणी असते ती शब्दाची. शब्दकोश म्हणतो, कुठलं अक्षर? विश्वकोश म्हणतो, नोंदीचं नाव काय? फोनवरची पांढरी चौकट म्हणते, लिहा. मूल तर नाव हुडकतच आलेलं असतं. त्याच्या मुठीत वस्तू आहे, रंग आहे, कुठं घावलं ती जागा आहे, घावलं तेव्हा पोटात जो गोळा आला तो आहे. नाव तेवढं नाही. आणि आपण दारातच म्हणतो, नाव सांग, मग आत ये.

आईनं बिडीचा दोरा बांधता बांधता वाटीत डोकावून बघितलं.

“मिरगाचं किडं हाय ते,” ती म्हणाली. “कुठं घावलं?”

“रानात.”

“रानात कुठं? बांधावर का सरीत?”

“बांधावर. गवत न्हाई तिथं.”

“पाऊस थांबल्यावर का पडताना?”

“थांबल्यावर. ऊन पडलं तवा.”

“किती होती?”

“लई. मी एकच आणली.”

“पाय मोजलीस?”

हे तिनं मोजले नव्हते. वाटी उचलून ती उंबऱ्यात उजेडाला गेली. पाय हलत होते म्हणून दोनदा चुकली, तिसऱ्यांदा बोटं मिटत मोजले. आठ. ती आत येऊन म्हणाली, मुंगीला सहा असतात, बाईंनी सांगितलंय. मग हे मुंगीच्यातलं न्हाई. मग थोडं थांबून: कोळ्याला आठ असतात.

मी पुस्तकं चाळून बघितलं तेव्हा ती बरोबर होती. मिरगाच्या किड्याला आपण किडा म्हणतो खरं, पण तो कोळ्या-विंचवांच्या नातलगांतला, गोचिडीच्या गोतातला. वर्षभर मातीत असतो, पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. सात वर्षांच्या मुलीनं त्याचं कुळ उंबऱ्यात बसून ओळखलं, आणि त्यासाठी तिला लागला तो फक्त एक प्रश्न, जो आईनं विचारला. आई चौथी शिकलेली आहे.

*

सोप्याच्या मागच्या खोलीत मी गल्लीतल्या मुलांसाठी पुस्तकं ठेवली आहेत. शंभर-सव्वाशे असतील. सुरुवातीला मी ती अकारविल्हे लावली, कारण मला तेच येत होतं. अ पासून ज्ञ पर्यंत चिठ्ठ्या चिकटवल्या. मुलं त्या चिठ्ठ्यांकडं ढुंकून बघत नसत. सगळी पुस्तकं खाली काढायची, जमिनीवर पसरायची, मधे बसायचं. मी चिडायचे. एक मुलगा रोज येऊन एकच मागायचा: “ते निळं, ज्यात म्हातारी हाय आन् कुत्रं न्हाई.” पुस्तकाचं नाव त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण त्या वर्णनात बसणारं पुस्तक खोलीत एकच होतं.

नंतर कळलं की मेरीलँडच्या त्याच मंडळींनी २००२ साली मुलांसाठी इंटरनेटवर एक आंतरराष्ट्रीय ग्रंथालय सुरू केलं, तेव्हा त्यात मुखपृष्ठाच्या रंगावरून पुस्तक शोधायची सोय केली होती. ती सोय करायचं सुचलं कारण ग्रंथालय बांधणाऱ्यांत मुलंही होती. नमुना तयार झाल्यावर वापरून बघायला बोलावलेली मुलं नव्हेत; पहिल्या दिवसापासून कागद, गोंद, जुनी खोकी घेऊन बरोबरीनं बसलेली. मला हे वाचून धीर आला. आमची गल्ली काही चुकत नव्हती.

मद्रासचे शियाळी रामामृत रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४मध्ये ग्रंथपालन शिकायला लंडनला गेले असताना तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू, पण जोडाल तसं खेळणं बदलतं. ग्रंथालयातले विषयही असेच सुट्या तुकड्यांतून जोडता येतील हे त्यांना तिथं सुचलं आणि त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती आली. भारतातल्या ग्रंथपालांच्या पिढ्या ती शिकल्या. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. पुस्तकं हुडकायची एवढी मोठी व्यवस्था एका खेळण्यातून निघाली, आणि आपण ती पुन्हा मुलांच्या हाती दिली नाही.

मी चिठ्ठ्या काढून टाकल्या. आईकडं बिडीच्या दोऱ्याची उरलेली रिळं होती, गुलाबी, हिरवी, निळी, तांबडी, पिवळी. प्रत्येक पुस्तकाला एक दोरा बांधायचं ठरलं. हिरवा झाडांचा, निळा पाण्यातल्या प्राण्यांचा, असे गट मी वहीत आखून नेले. मुलांनी ते ऐकून घेतले आणि आपले वेगळे केले. गुलाबी दोरा: चावत न्हाई. तांबडा: चावतंय. पिवळा: पावसात येतंय. हिरवा: रात्री आवाज करतंय. एक काळा दोरा मागून घेतला, तो म्हणजे आज्जी घाबरती. बेडूक पिवळ्यात आणि हिरव्यात दोन्हीकडं असल्यामुळं त्या पुस्तकाला दोन दोरे. पालीच्या पुस्तकाला तीन. आता कुणी पुस्तक पसरत नाही. दोरा धरून ओढतात.

दोऱ्यांची कल्पना मला एका कन्नड वर्गात सुचली. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीला ‘नली-कली’ आहे. आनंदानं, नाचत शिक असा त्याचा अर्थ. १९९५ साली म्हैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात ते सुरू झालं आणि २००९पासून राज्यभरात गेलं. कल्पनेचं मूळ आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यातल्या शाळांत. वर्गात भिंतीवर एक शिडी असते. प्रत्येक पायरीला एक चित्र. मूल आपली पायरी हुडकतं, त्यावरचं चित्र बघतं आणि तेच चित्र असलेलं कार्ड ठेवणीतनं स्वतः काढून आणतं. वाचता येत नसलेल्या मुलालाही आपण कुठवर आलो आणि आता कुठं जायचं हे कळतं. डोक्यावर दोऱ्यांचा मांडव असतो, त्याला मुलांनी काढलेली चित्रं लोंबत असतात. फळा जमिनीलगत, मुलाच्या उंचीला. मी त्या वर्गात उभी राहिले तेव्हा सगळं माझ्या कमरेखाली होतं, आणि मला खाली बसावं लागलं.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा माँटेसरीची महाग साधनं बाजूला ठेवून शिंपले, गोटे, बिया, पानं घेतली. पुढं कोसबाडला वारली मुलं गुरांमागं जायची म्हणून शाळाच कुरणात नेली. साधन मुलाच्या हातातल्या वस्तूपासून सुरू व्हावं, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. पडदा आला आणि का कुणास ठाऊक, आपण ते विसरलो.

*

सीमेवरच्या मुलाला तीन लिप्यांतून हुडकावं लागतं. शाळा मराठी, दुसरी भाषा कन्नड, तिसरी इंग्रजी. आणि घरात चौथीच, जी कुठल्याच लिपीत नीट बसत नाही. आमच्या भाचीनं वाचायला यायच्या आधीच निपाणीच्या बसस्टँडवर गाड्या ओळखल्या. तांबडी महाराष्ट्राची. दुसऱ्या गाड्यांतली बेळगावची कुठली हे ती पाटीवरच्या पहिल्या कन्नड अक्षराच्या वळणावरून सांगायची. तो ‘बे’ आहे हे तिला माहीत नव्हतं. तिच्यासाठी ते वाटोळं, वर शेपूट असलेलं चित्र होतं, आणि त्या चित्राची गाडी आत्तीकडं जायची.

फोन आपली भाषा शिकतो ती छापलेल्या आणि टंकलेल्या मजकुरातून, माणसांच्या ध्वनिमुद्रित बोलण्यातून. त्यात आमची बोली किती असणार? प्रकाश नारायण संतांचा लंपन या मुलखातला. ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतच्या चार पुस्तकांत तो कानांनी, नाकानं, पायांनी जग हुडकत फिरतो, आणि त्याच्या मराठीला कन्नडचा हेल आहे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोऱ्यांनी वखारीतल्या, गॅरेजातल्या माणसांच्या कथा त्यांच्याच भाषेत लिहिल्या. अशी मोजकी माणसं सोडली तर आमचं हुडकणं-घावणं छापून आलेलं नाही. म्हणून तांबडं किडं बोललं की तांबडा मूग निघतो. यावर उपाय पोरीनं पुण्यासारखं बोलावं हा नव्हे. तो सल्ला तिला दिला गेला, आणि मी त्या वेळी गप्प बसले याचं मला अजून वाईट वाटतं.

कर्नाटकात २०२० साली ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना फुकट सभासद करून घ्यायला सुरुवात झाली. मोहिमेचं नाव ‘ओदुव बेळकु’, वाचनाचा उजेड. मी सीमेवरच्या एका गावात असं ग्रंथालय बघितलं. मुलं होती, चटई होती, पुस्तकं बहुतेक कन्नड. एक मराठी शाळेतली मुलगी कन्नड पुस्तकातली चित्रं लावून शेजारच्या कन्नड मुलाला मराठीत गोष्ट सांगत होती, आणि तो पानावरचं वाचून तिला दुरुस्त करत होता. दोघांना मिळून ती गोष्ट घावली. अशा दोघांसाठी शोधायचं साधन अजून कुणी केलेलं मला दिसलेलं नाही. सगळी साधनं एकट्या मुलासाठी असतात, एक फोन, एक मान खाली. मुलं खरं तर घोळक्यानं हुडकतात.

आता तर फोन पूर्ण वाक्यात उत्तर देतो. फोटो दाखवला की क्षणात नाव, कुळ, सवयी सांगतो. मला त्याची भीती वाटत नाही. किती मुलांच्या घरात पाय मोजायला लावणारी आजी नाही हे मला माहीत आहे, आणि त्यांना कुणीतरी उत्तर द्यायला हवंच. पण ते उत्तर फार लवकर येतं. पोरगी उंबऱ्यात जायच्या आधी येतं. हे बनवणाऱ्यांनी एकदा आमच्या सोप्यात येऊन बसावं, आईच्या सुपाशेजारी, असं मला मनापासून वाटतं. तिचे पाच प्रश्न लिहून घ्यावेत. कुठं घावलं, रानात कुठं, पाऊस थांबल्यावर का पडताना, किती होती, पाय मोजलीस का. मुलानं काही विचारलं की यंत्रानं आधी यातला एखादा विचारावा आणि मग थांबावं. मूल बाहेर जाऊन येईपर्यंत थांबावं. थांबणारं यंत्र करणं अवघड असेल, पण अशक्य नसावं.

त्या संध्याकाळी ती किडं परत बांधावर सोडून आली. मग वहीत त्याचं चित्र काढलं, आठ पायांचं, वर ढग, बाजूला अर्धवट ऊन. त्याला पिवळा दोरा बांधला. थोडा विचार करून गुलाबीही.

यंदा मिरगाचा पाऊस चार दिवस उशिरा आला. मी पोचले तेव्हा सोप्यात गल्लीतला एक लहान मुलगा काडेपेटी घेऊन उभा होता. आत काहीतरी हिरवं चमकत होतं. तो माझ्याकडं वळला, पण ती आधी पुढं आली. काडेपेटी उघडून तिनं आत बघितलं, नाक जवळ नेलं.

“कुठं घावलं?” तिनं विचारलं.

“भित्तीत.”

“कुठल्या भित्तीत? उन्हातल्या का सावलीतल्या?”

त्याला सांगता येईना. तिनं त्याचा हात धरला आणि दोघं पायरीवरून खाली उतरले. आईची बोटं क्षणभर सुपात थांबली, मग पुन्हा पानं सळसळायला लागली.